सीडी प्लेअर बिघडला : ‘लेन्स गेली’ म्हणण्याआधी

सीडी प्लेअर डिस्क घेईना, मधेच अडखळू लागला किंवा ‘नो डिस्क’ दाखवून गप्प बसला, की दुकानात बहुधा एकच निदान ऐकू येतं : लेन्स गेली. मेकॅनिक ज्याला लेन्स म्हणतात त्यात नुसतं भिंग नसतं. लेझर डायोड, आरसे, भिंग आणि भिंग हलवणाऱ्या कॉइल मिळून झालेला अख्खा पिकअप असतो. हा पिकअप गेला आणि नवा मिळाला नाही, तर प्लेअर खरोखर संपला. बाकी जवळपास सगळं दुरुस्त होतं, आणि कित्येकदा अगदी किरकोळ सामानात. म्हणून दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा हे ठरवण्याआधी शोधायचं ते एवढंच, की लेझर खरंच गेलाय का.

गोव्यात हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे. गल्फमधून आणलेले, बोटीवर काम करणाऱ्यांनी परदेशी बंदरांतून उचलून आणलेले चांगले हाय-फाय सेट इथे कपाटांवर कापडाखाली झाकून आहेत. शेजारी नाट्यसंगीताच्या, अभिषेकीबुवांच्या, किशोरीताईंच्या सीडी असतात आणि गावातल्या भजनाच्या, कार्यक्रमांच्या घरगुती सीडीही. त्यातल्या पुष्कळशा फोनवर शोधून मिळत नाहीत.

यंत्र काय करतं ते एकदा डोळ्यांसमोर आणू. डिस्कवर अतिसूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल रेघ असते. दोन वेढ्यांतलं अंतर १.६ मायक्रॉन, रेघ सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर जाईल. लेझर खालून ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्रकाश टाकून ती वाचतो. डिस्क फिरताना अर्धा मिलिमीटरपर्यंत वर-खाली डुलू शकते, तरी भिंगाला दोन मायक्रॉनच्या आसपास फोकस धरून ठेवावा लागतो. ते काम भिंगाभोवतीच्या बारीक कॉइल करतात. पिकअप आतून बाहेर सरकतो तो स्लेडवर, आणि डिस्क फिरवते ती स्पिंडल मोटर. वाचन मध्याजवळून सुरू होतं. तिथे डिस्क मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, कडेला पोचेपर्यंत वेग २०० वर येतो. सगळ्यांत आतल्या कड्यात डिस्कची अनुक्रमणिका असते. ती वाचता आली नाही की प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतो. अनुक्रमणिका न वाचण्याची कारणं मात्र अर्धा डझन आहेत, आणि थकलेला लेझर हे त्यातलं फक्त एक.

पहिल्या तपासणीला स्क्रूड्रायव्हर लागत नाही, तीन डिस्क लागतात. एक कंपनीने छापलेली, विनाओरखड्याची, सत्तर मिनिटांहून मोठी. दुसरी घरी कॉम्प्युटरवर लिहिलेली सीडी-आर. तिसरी थोडी खरचटलेली छापील डिस्क. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू चाचणीला घेऊ नका. ती छापील डिस्कच्या मानाने फारच कमी प्रकाश परतवते, त्यामुळे नव्वदच्या दशकातले धडधाकट प्लेअरही ती नाकारतात. डिस्क आधी उजेडासमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं चमकली तर ॲल्युमिनियमचा थर गेलेला आहे, दोष डिस्कचा. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटरच्या प्लास्टिकवर ओरखडे असले तर यंत्र ते बरेचसे सांभाळून घेतं, रेघेवरचा दोन-अडीच मिलिमीटरचा खंडही भरून काढतं. छापलेल्या बाजूचा ओरखडा जास्त घातक, कारण धातूचा थर त्या रंगाच्या लगेच खाली असतो.

आता मोठी डिस्क लावून पहिलं गाणं ऐका, मग थेट शेवटच्यावर जा. सुरुवात स्वच्छ आणि शेवटाला अडखळणं, असं असेल तर स्लेडच्या दांड्यावरचं ग्रीस, दात्यांत अडकलेला कचरा किंवा स्पिंडल मोटर यांच्यावर आधी संशय घ्या. लेझर अनुक्रमणिका आणि सुरुवात नीट वाचतोय म्हणजे त्यात जीव आहे. छापील डिस्क चालते पण सीडी-आर चालत नाही, तर भिंग मळलंय किंवा लेझर थकायला लागलाय. थंड असताना छान आणि तासाभराने अडखळतो, तर मोटर, तिला चालवणारी चिप (ड्रायव्हर आयसी) किंवा सुटत आलेलं सोल्डर. उलट सकाळी ‘नो डिस्क’ आणि अर्धा तास चालू ठेवल्यावर सुरळीत, हे पावसाळ्यातल्या ओलीचं किंवा म्हाताऱ्या कंडेन्सरचं लक्षण. डिस्क व्यवस्थित फिरते, वेळ पुढे सरकते, पण एका बाजूचा आवाज नाही किंवा येतो-जातो, तर लेझरचा काही संबंध नाही. प्लेअरकडून येणाऱ्या दोन वायरी ॲम्प्लिफायरच्या टोकाला उलटसुलट लावून बघा. मुका स्पीकर बदलला नाही तर दोष ॲम्प्लिफायरकडे किंवा स्पीकरकडे. बदलला तर एक वायर दुसरीने बदलून खात्री करा, मग प्लेअरच्या आउटपुट सॉकेटचं सोल्डर आणि म्यूटिंग रिले. चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी ‘टक्’ आवाज करतो तो रिले. खाऱ्या हवेत त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडतात.

मागे डिजिटल आउटपुट असेल, म्हणजे केशरी किंवा काळं कोॲक्सियल सॉकेट किंवा झडपेचं ऑप्टिकल, तर तेही तपासा. डिजिटल आवाज शुद्ध आणि ॲनालॉग खराब असेल तर प्लेअर टाकायचं कारण उरत नाही. बाहेरचा छोटा डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग आवाज करून देणारं खोकं, जोडला की झालं.

झाकण उघडायचं ठरवलं तर प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ट्रान्सफॉर्मरपर्यंत आणि स्विचपर्यंत २३० व्होल्ट असतात. नव्या प्लेअरमध्ये ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सप्लाय असेल तर त्याच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहतो. त्या बाजूला हात नको. झाकण उघडं असताना प्लेअर चालवून बघायचा झाला तर भिंगात सरळ कधीही बघू नका. लेझर जेमतेम दिसतो, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही, आणि इजा तशीच होते.

सगळ्यांत जास्त फसवतो तो ट्रेचा बेल्ट. हा रबरी चौकोनी छेदाचा छोटासा पट्टा. पंधरा-वीस वर्षांत सैल आणि काचेसारखा गुळगुळीत होतो. ट्रे अर्धा उघडून थांबला, ढकलल्यावरच आत गेला, तर कुणालाही कळतं. पण पुष्कळ यंत्रांत ट्रे आत गेल्यावर तोच बेल्ट पिकअपचा सांगाडा वर उचलतो आणि डिस्क वरच्या चकतीखाली दाबली जाते. बेल्ट ट्रे ओढण्याइतका घट्ट आणि सांगाडा पूर्ण उचलण्याइतका नाही, अशा अवस्थेत डिस्क घसरत फिरते, अनुक्रमणिका वाचली जात नाही, आणि पडद्यावर ‘नो डिस्क’. इथे लेन्स बदलली तरी काही फरक पडत नाही. ट्रे बंद झाल्यावर शेवटचा ‘खट्’ आवाज येतो का ते कान देऊन ऐका. येत नसेल तर आधी बेल्ट.

नवा बेल्ट घ्यायचा तर जुना न ताणता सपाट दुमडून पट्टीवर मोजा. समजा ६० मिलिमीटर भरला, तर परिघ १२०. जुना सैल झालेला असतो, म्हणून पाच टक्के कमी करा : ११४, म्हणजे व्यास साधारण ३६ मिलिमीटर. जाडीही तीच हवी. जाड बेल्ट पुलीच्या खाचेत बसत नाही आणि मोटर अडते. पुली स्पिरिटने पुसून मगच बेल्ट चढवा, आणि चढवताना बोटांना ग्रीस नको. काही जुने बेल्ट वितळून डांबर होतात. ते पुलीवरून खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण निघेपर्यंत पुसावं लागतं. घरातला रबर बँड लावून बघू नये, त्याने मोटरचा बुश एका बाजूला ओढला जातो.

बेल्टनंतर भिंग. आधी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी ओलसर करून, थेंब न गळू देता, भिंगावर वजन न टाकता एकदा गोल फिरवा, आणि कोरड्या काडीने टिपून घ्या. भिंग बारीक पत्र्याच्या स्प्रिंगवर किंवा तारांवर तरंगत असतं, नखाने दाबलं तरी वाकतं. थिनर किंवा ॲसिटोन मुळीच नको. बहुतेक भिंगं प्लास्टिकची आहेत, ती दुधाळ होतात. ब्रश लावलेल्या क्लीनिंग डिस्कवर आमचा फारसा विश्वास नाही. पृष्ठभागावरची सुटी धूळ ती काढते, पण तेलकट थर काढत नाही. स्वयंपाकघराशेजारच्या हॉलमध्ये असतो तो तेलकट थरच. आणखी एक : भिंगाच्या खाली आरसा असतो, त्यावरही धूळ बसते. वरून चकचकीत दिसणारं भिंग आतून आंधळं असू शकतं. ब्लोअरची हवा कडेच्या फटीतून हळू सोडली तर कधीकधी तेवढ्याने काम होतं.

स्लेडच्या दांड्यावरचं मूळचं ग्रीस पिवळं, मेणासारखं घट्ट झालेलं दिसेल. ते अल्कोहोलने पूर्ण पुसा. दांड्यावर शिलाई मशीनच्या हलक्या तेलाचा एक थेंब पसरवा, प्लास्टिकच्या दात्यांवर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तेही तांदळाच्या दाण्याएवढं. गाडीच्या गॅरेजमधलं ग्रीस प्लास्टिक फुगवतं आणि भिंगापर्यंत चढतं.

मग आपल्याकडचं हवामान. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात, आणि कळंगुट, कोलवा, मिरामारसारख्या किनाऱ्याजवळच्या घरांत वर मीठ. बुरशी कॅमेऱ्याच्या लेन्सवर चढते तशी पिकअपच्या भिंगावरही चढते. कोवळी असेल तर पुसून जाते, जुनी असेल तर भिंगावर खुणा सोडते. रिबन केबलची टोकं काळवंडतात. ती सॉकेटमधून काढून, पुसून पुन्हा बसवल्यावर ‘मेलेला’ प्लेअर चालू होणं अगदी नेहमीचं आहे. एसी खोलीत गार झालेलं यंत्र दमट हवेत आणलं की भिंगावर वाफ धरते. दोन तास चालू ठेवून, डिस्क न लावता थांबा. पावसाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा तासभर प्लेअर चालू ठेवला तर आत ओल राहत नाही. आत पालीची अंडी, मुंग्या, झुरळांची घाण सापडते, आणि त्यातल्या ओलीने बोर्डावरच्या रेघा हिरव्या पडून तुटतात. अशी रेघ बारीक वायरीने जोडता येते.

विजेचंही तसंच. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसात प्लग काढून ठेवणं हा एकच खात्रीचा उपाय. विजेनंतर प्लेअर पूर्ण मेला असेल तर फ्यूज, ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर एवढंच आधी तपासायला सांगा. तिथे लेझर सहसा वाचलेला असतो. परदेशातून आणलेल्या यंत्राची मागची पट्टी वाचा. जपानमधलं १०० व्होल्टचं, अमेरिकेतलं १२० चं. मागे व्होल्टेज बदलायची खाच असेल तर ठीक, नसेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच. सरळ लावून जळलेला ट्रान्सफॉर्मर बदलता येतो, आणि काही ट्रान्सफॉर्मरमध्ये गुंडाळीखाली दडलेला थर्मल फ्यूजच फक्त गेलेला असतो.

हे सगळं करूनही अनुक्रमणिका वाचली जात नाही, तर आता लेझरकडे बोट दाखवायला हरकत नाही. तरीही मोजल्याशिवाय नाही. चांगला मेकॅनिक ऑसिलोस्कोप लावून आरएफ सिग्नल, म्हणजे पिकअपने डिस्कवरून वाचलेला कच्चा सिग्नल, बघतो : सोनीच्या बऱ्याच यंत्रांत तो सव्वा व्होल्टच्या आसपास असावा आणि जाळीतले चौकटी आकार स्वच्छ दिसावेत. सोनीच्या पिकअपवर चिकटवलेल्या लेबलावर तीन आकडी संख्या असते. ४९७ म्हणजे नवा असताना त्या लेझरने ४९.७ मिलिअँपिअर घेतले होते. आज तोच प्रकाश द्यायला त्याला दहा टक्क्यांहून जास्त करंट लागत असेल, म्हणजे ५५ च्या वर, तर तो संपत आला आहे. हे मोजता येतं, आणि मोजलेला आकडा मागायचा तुम्हाला हक्क आहे.

पिकअपवर एक इवलासा प्रीसेट असतो, लेझरची ताकद ठरवणारा. तो थोडा फिरवला की थकलेला लेझर काही आठवडे चांगलं वाजवतो आणि मग कायमचा जातो. ‘ॲडजस्ट करून दिलं’ असं कुणी म्हटलं तर नेमकं काय फिरवलं ते विचारा.

नवा पिकअप मिळेल का हे पिकअपचा नंबर ठरवतो, प्लेअरवरचं नाव नव्हे. मोठ्या नावाच्या खोक्यातही बहुधा सोनी, फिलिप्स किंवा सॅन्योचाच पिकअप असतो. सोनीचा केएसएस-२१३सी, सॅन्योचा एसएफ-पी१०१एन, फिलिप्सचा व्हीएएम-१२०२ या जातींचे पर्यायी पिकअप अजून मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवता येतात. सॅन्योच्या त्याच नंबरात १५ पिन आणि १६ पिन असे दोन प्रकार आहेत, म्हणून जुन्याच्या पिना मोजून मागवा. बाजारात नकलाही पुष्कळ आहेत, त्यामुळे परत घेण्याची हमी देणारा विक्रेता बघा. केएसएस-२१३सी असेल तर नुसता पिकअप न घेता मोटरसकट तयार सांगाडा, केएसएम-२१३सीसीएम, घेणं शहाणपणाचं. नुसती स्पिंडल मोटर बदलताना तिच्या दांड्यावरची, डिस्क जिच्यावर टेकते ती चकती मूळच्या उंचीवर बसवावी लागते, आणि थोडाही फरक पडला तर फोकस बिघडतो. चकती काढण्याआधी तिची उंची व्हर्नियरने मोजून लिहून ठेवलेली नसेल तर परत नेमकी सापडत नाही.

नवीन पिकअप बसवूनही प्लेअर वाचेना, याचं एक कारण फार बारीक आहे. स्थिर विजेने लेझर मरू नये म्हणून कारखान्यातून येताना त्याची दोन टोकं एका सोल्डरच्या थेंबाने जोडलेली असतात. मोहरीएवढा चकचकीत ठिपका, पिकअपला चिकटलेल्या केशरी-तपकिरी पट्टीवर. केबल जोडून झाल्यावर सोल्डरिंगच्या टोकाने तो थेंब उचलून घ्यायचा असतो. घेतला नाही तर लेझर पेटतच नाही, आणि ‘नवा पार्टही खराब’ म्हणून परत जातो. काम करताना मनगटाला अर्थिंगची पट्टी हवी, आणि थेंब काढण्याआधी केबल जोडलेली हवी.

आता हिशेब. तुलना दुकानातल्या सगळ्यांत स्वस्त प्लेअरशी करू नका. तुमच्या यंत्राच्या तोडीचा, चालू स्थितीतला जुना प्लेअर आज कितीला मिळेल त्याच्याशी करा. समजा तो १५,००० ला मिळतो, आणि पिकअप, बेल्ट, मजुरी मिळून ५,००० होतात, तर दुरुस्ती करावी. खर्च निम्म्याच्या पुढे गेला आणि यंत्रात दुसरेही दोष असतील, जसं की पडदा अंधूक झालाय, कंडेन्सर गळून बोर्डावर पसरलेत, बटणं घेत नाहीत, तर थांबा. दुरुस्ती करायचीच तर एकदा खोललेल्या यंत्राचा बेल्ट, ग्रीस आणि सप्लायचे कंडेन्सर एकत्र बदला. मजुरी दोनदा पडत नाही.

ऐंशीच्या दशकातले फिलिप्स आणि मरान्झ, ज्यांत डाय-कास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) सांगाड्यावर काचेच्या भिंगाचा झुलता हात आणि डॅकचं काम करणारी टीडीए१५४१ चिप आहे, ते लेझर जिवंत असेल तर टाकू नयेत. त्यांचा नेहमीचा रोग म्हणजे बोर्डाच्या दोन बाजू जोडणारी खराब झालेली सांधे-भोकं. प्रत्येक भोकातून बारीक तार घालून दोन्हीकडे सोल्डर केलं की ‘आज चालतो, उद्या नाही’ हा प्रकार थांबतो. वेळखाऊ काम, पण सामान जवळजवळ शून्य. उलट पाच डिस्कच्या कॅरोझेलवर, किंवा ॲम्प्लिफायर, रेडिओ, टेप सगळं एकत्र असलेल्या मिनी सिस्टिमच्या सीडी भागावर मोठा खर्च करू नये. त्यांचा सांगाडा प्लास्टिकचा, दाते झिजलेले आणि सुटे भाग त्या एकाच मॉडेलचे. मिनी सिस्टिमला ऑक्स सॉकेट असेल तर तिथे दुसरा प्लेअर लावा. एसएसीडी (सीडीच्या पुढची, जास्त बारकाव्याची डिस्क) वाचणाऱ्या यंत्रांचे पिकअप बहुधा दुर्मीळ; तिथे भाग हातात आल्याशिवाय खोलू देऊ नका.

बदलायचंच ठरलं तर नवा हाय-फाय प्लेअर हा एकमेव रस्ता नाही. ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल आउटपुटचा जुना डीव्हीडी प्लेअर आणि एक डॅक मिळून चांगलं काम भागतं; अडचण इतकीच की बऱ्याच डीव्हीडी प्लेअरवर टीव्ही लावल्याशिवाय गाण्याचा नंबर नीट दिसत नाही. दुसरा रस्ता सगळ्या सीडी एकदा कॉम्प्युटरवर उतरवण्याचा. यूएसबीची सीडी ड्राइव्ह आणि चूक सापडल्यास तोच भाग पुन्हा वाचणारा प्रोग्रॅम वापरून फ्लॅक स्वरूपात ठेवलं तर एका डिस्कला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतात आणि दर्जा जसाच्या तसा राहतो. प्लेअर ठेवा किंवा बदला, घरगुती सीडी-आर मात्र लगेच उतरवून घ्या. त्यांतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने फिका होतो, आणि खिडकीजवळच्या रॅकवर हे लवकर घडतं.

दुकानात देताना सोबत तीच मोठी छापील डिस्क द्या, आणि कोणत्या गाण्यावर, किती मिनिटांनी, थंड की गरम असताना बिघाड होतो ते चिठ्ठीवर लिहून चिकटवा. काढलेला जुना पिकअप परत मागा. लेबलावरचा नंबर पुढच्या वेळी कामाला येतो. तळाशी लाल किंवा पिवळ्या स्क्रूची खाच दिसली तर तो वाहतुकीचा स्क्रू : मांडवी ओलांडून गाडीतून न्यायच्या आधी काही यंत्रांत तो आवळायचा असतो, आणि परत आल्यावर न विसरता सोडवायचा. आवळलेला राहिला तर स्लेड जागचा हलत नाही, आणि दुरुस्त होऊन आलेला प्लेअर घरी पुन्हा ‘नो डिस्क’ दाखवतो. आणि यंत्र मोडीतच काढायचं झालं तर ट्रान्सफॉर्मर, ट्रेची मोटर आणि रिमोट काढून ठेवा, उरलेलं अधिकृत इ-कचरा संकलनाकडे द्या.